केरातली फांदी

आटपाट नगर होतं. त्याचं नाव एडिसन, न्यू जर्सी. तिथल्या ओक ट्री रोडवर ताजा कढीपत्ता मिळे, अळूची पानं मिळत, बाकरवडीसुद्धा मिळे. तेरडा मात्र मिळत नसे.

त्या नगरात इंदूताई आणि वसंतराव राहत होते. 1978 साली आले, एका मुलाला वाढवलं, घराचं कर्ज फेडलं. मूळचे राजापूरचे. घरची गौर तेरड्याची. भाद्रपदात रानातून तेरडा मुळासकट उपटून आणायचा, मुळं नीट धुवायची, कारण ती गौरीची पावलं, आणि त्या पावलांनी तिला घरभर फिरवायचं. एडिसनमध्ये इंदूताई दुकानातल्या शेवंतीवर भागवायच्या आणि दरवर्षी म्हणायच्या, "गौर आली, पण पाय तिकडेच विसरून आली."

शेजारी रोझा नावाची म्हातारी होती. दक्षिण इटलीतून आलेली, नवरा वारलेला, इंग्रजी तोडकंमोडकं. तिच्या डेकवर मेपलच्या सावलीत कुंड्यांची रांग असे. 1996 च्या भाद्रपदात इंदूताई तिला मोदक द्यायला गेल्या आणि एका कुंडीशी थबकल्या. खोड पाणीदार, पानाच्या कडा करवती, देठाशी हिरवी फुगीर बोंडं. त्यांनी एका बोंडाला बोट लावलं. बोंड फट्‌कन फुटलं, साल गुंडाळली गेली, बिया मनगटावर उडाल्या.

"अगं बाई, हा तर तेरडाच!"

होताच, पण आफ्रिकेकडचा चुलतभाऊ. अमेरिकेत त्याला सगळे नुसतं इम्पेशन्स म्हणतात. पूर्ण शास्त्रीय नाव इम्पेशन्स वॉलेरियाना, डॉ. लिव्हिंग्स्टन यांचे सहकारी हॉरेस वॉलर यांच्या नावावरून पडलेलं. मूळ घर पूर्व आफ्रिकेतली दमट, सावलीची रानं. आपला तेरडा एका पावसाळ्याचा धनी, बी पडलं की आटोपला. हा तसा नाही. थंडी लागली नाही तर हा वर्षानुवर्षं जगतो आणि बाराही महिने फुलतो. तरी अमेरिकेत तो एका हंगामाचं झाड म्हणूनच विकला जातो. लोक मे महिन्यात ट्रे भरभरून आणतात, ऑक्टोबरात एका रात्री पारा गोठणबिंदूला टेकतो, सकाळी सगळी कुंडी काळी, लिबलिबीत होऊन पडलेली असते, आणि ती कचऱ्यात जाते. त्याचं आयुष्य तेवढंच, असं मग पाटीवर लिहून टाकतात. पाट्या लिहिणाऱ्यांना डिसेंबरात झाड घरात ठेवायचं नसतं, हे त्यांच्या बाजूनं म्हणता येईल.

रोझा ठेवत असे. तिच्याकडे साध्या पाच पाकळ्यांची पुष्कळ होती, पण एका कुंडीतलं फूल वेगळं होतं. गडद गुलाबी, पाकळीवर पाकळी, गुलाबाचंच रूप पण बोटाच्या पेराएवढं. अशा भरगच्च फुलाला बी जवळजवळ धरतच नाही. ते पुढं न्यायचं तर फांदीवरूनच.

रोझानं कात्री आणली आणि तिथल्या तिथं दाखवलं. फांदी कोणती घ्यावी? कोवळी, चार बोटांची, फूल नसलेली. फूल असेल तर फूल आणि कळ्या आधी खुडाव्यात. जी फांदी फुलण्यात गुंतली ती मुळं धरत नाही. पेराच्या जरा खाली कापावं, खालची पानं काढावीत, पेर पाण्यात बुडेल असं ठेवावं, दोन दिवसांआड पाणी बदलावं. दहा-पंधरा दिवसांत पांढरी मुळं दिसतात. बोटभर झाली की लहानशा कुंडीत, हलक्या मातीत लावावं. केव्हा करावं? रात्रीचा पारा पन्नास अंशांखाली, म्हणजे आपल्या दहा सेल्सियसखाली, उतरायच्या आत. आणि जुनं झाड? ते आणायचंच तर एक तृतीयांश ठेवून छाटावं, पानं मागूनपुढून धुवावीत आणि मग आत घ्यावं. पण रोझाचं मत म्हणाल तर म्हाताऱ्या झाडासाठी खिडकी अडवू नये.

"म्हातारी मी एक पुरे," ती म्हणाली.

मग तिनं इंदूताईंच्या हातात तीन फांद्या दिल्या. "एक तुझी. दोन तू दुसऱ्यांना द्यायच्या. दरवर्षी."

"दोन कशाला?"

"माझं मेलं तर मी कोणाकडे येऊ?"

इंदूताईंना हे पटलं. आपल्याकडे असले नेम असतातच, त्यांनी याला मनातल्या मनात वसा म्हटलं. त्या वर्षी गौर उठायच्या दिवशी त्यांनी फांद्या लावल्या आणि पुढच्या वर्षी गौरीच्या पायाशी मुळासकट एक रोप ठेवलं. गौरीला पाय फुटले.

काही वर्षं वसा चालला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या प्लास्टिकच्या डब्यांऐवजी रुजलेली रोपं वाण म्हणून देत. घेणाऱ्यांची निम्मी मरत, हे खरं. कोणी रोप हीटरच्या झरोक्यासमोर ठेवी. तिथल्या कोरड्या गरम वाऱ्यानं पानं गळत आणि लाल कोळी पडे. कोणी काळजीपोटी रोज पाणी घाली आणि खोड बुंध्याशी कुजे. इंदूताई चिडत. एवढं सांगून पाठवलं, माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पाणी नको, पूर्वेची खिडकी द्या, झरोक्यापासून लांब. तरी यांचं आपलं चालूच.

2003 साली रोझा मुलीकडे फ्लोरिडाला गेली, आणि त्या गुलाबी फुलाच्या एकट्या मालकीण इंदूताई उरल्या. निदान त्यांना तसं वाटलं. दिलेल्यांपैकी कोणाकडे काही जिवंत आहे का, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

मंडळात त्यांची गौर गाजू लागली. लोक प्रिन्स्टनहून, पार्सिपनीहून बघायला येत. फोटो निघत. "इंदूताईंचा तेरडा" असं नावच पडलं. नाव पडलं तशा इंदूताई बदलल्या. उतल्या, मातल्या. कोणी फांदी मागितली की हसून म्हणायच्या, "रुजत नाही हो सगळीकडे." ब्रिजवॉटरच्या शैलाताईंनी तीनदा मागितली. एकदा उत्तर आलं, अजून लहान आहे. एकदा आलं, आता फुलावर आहे. तिसऱ्यांदा इंदूताईंनी विषयच बदलला.

वसंतराव म्हणाले, "अगं, फांदीच आहे, सोनं नाही."

"सोनं लॉकरमध्ये तरी ठेवता येतं."

2010 च्या संक्रांतीला पल्लवी नावाची नवी मुलगी आली. नवऱ्याच्या नोकरीमागं आलेली, व्हिसावर काम करायची परवानगी नाही, जर्सी सिटीत उंच इमारतीत लहानसा फ्लॅट, दिवसभर एकटी. तिला खिडकीतलं झाड फार आवडलं. तिनं विचारलं, "काकू, एक फांदी देता?"

"अपार्टमेंटमध्ये नाही जगत गं ते," इंदूताई म्हणाल्या आणि तिळगूळ आणायला आत वळल्या.

तेवढ्यात कोट घालताना कोणाची तरी बाही कुंडीला लागली आणि एक फांदी मोडली. या झाडाची खोडं इतकी ठिसूळ की धक्का पुरतो. इंदूताईंनी फांदी उचलली, बायकांकडे पाहिलं, आणि स्वयंपाकघरातल्या केराच्या डब्यात टाकली. त्या क्षणी त्या ती कोणालाही देऊ शकल्या असत्या, पण एकीला दिली तर दुसरी मागणार.

पल्लवी हात धुवायला स्वयंपाकघरात गेली. चहाच्या चोथ्यावर फांदी पडलेली. तिनं ती उचलली, पेपर नॅपकिन ओला करून गुंडाळली आणि स्वेटरच्या आत, अंगाशी धरून नेली. बाहेर बर्फ होतं. कोटाच्या खिशात ठेवली असती तर गाडीपर्यंत जाईतो संपली असती. चोरून आणलेलं रोप चांगलं जगतं, असं तिची आजी मनीप्लांटबद्दल सांगायची. त्यावर तिनं स्वतःची समजूत घातली.

फांदी चहाच्या कपात रुजली. मार्चमध्ये पल्लवीनं शेंडा खुडला, कारण तिला कपाटावर ठेवायला आणखी एक रोप हवं होतं. त्यामुळे पहिलं झाड बगलेतून फुटून झुबकेदार झालं. तिनं दोनाची चार केली. त्याच मजल्यावर राहणाऱ्या फिलिपिनो नर्सला एक दिलं, कारण ती रात्रपाळीहून आली की लिफ्टमध्ये थकलेली दिसायची. एक समोरच्या तेलुगू बाईंना. एक इमारतीच्या कपडे धुण्याच्या खोलीत खिडकीवर ठेवून दिलं, ज्याला हवं त्यानं न्यावं. नेलं. कोणी नेलं ते कधी कळलं नाही. हे सगळं तिनं काही थोर विचारानं केलं, असं समजू नका. तिला बोलायला माणसं हवी होती.

मग 2012 साल उजाडलं.

त्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या पूर्व भागात ठिकठिकाणी इम्पेशन्सवर रोग आला. इंदूताईंच्या डेकवर ऑगस्टच्या पावसानंतर पानं आधी फिकट पिवळी दिसू लागली. त्यांना वाटलं खत कमी पडलं, म्हणून खत दिलं. पानं कडेनं खाली वळली. त्यांना वाटलं पाणी हवं, म्हणून पाणी दिलं, तेही वरून, पानांवर. आठवड्याभरात फुलं गळली. वसंतराव सहसा कुंड्यांच्या भानगडीत पडत नसत. त्या दिवशी त्यांनी चष्मा लावला आणि एक पान उलटं करून पाहिलं. खालच्या अंगाला पिठी चाळल्यासारखा पांढरा थर.

"हा डाऊनी आहे," ते म्हणाले.

"तुम्हाला काय कळतं?"

वसंतरावांची बहीण तासगावला दिलेली. मेहुण्यांची द्राक्षबाग. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस झाला की त्या घरात जेवताना दुसरा विषय नसतो. मराठी शेतकरी त्या रोगाला केवडा म्हणतो, बोलताना डाऊनी म्हणतो, आणि आधी पान उलटं करतो. वसंतरावांनी सुट्टीत हे इतक्यांदा पाहिलेलं की हात आपोआप उलटला. द्राक्षावरचा आणि या झाडावरचा रोगजंतू एक नाही. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण दोघांचं कूळ एकच, प्लास्मोपारा. ओल्या पानावर, गार रात्री, वाऱ्यावरून आणि शिंतोड्यांतून तो पसरतो. आणि मेलेल्या खोडात त्याचे जाड कवचाचे बीजाणू तयार होतात, ते मातीत वर्षानुवर्षं तग धरतात.

पंधरा दिवसांत डेकवर नुसती उघडी खोडं उभी राहिली. वसंतरावांनी ती मातीसकट काळ्या पिशव्यांत भरली, तोंडं बांधली, कचऱ्याच्या गाडीत दिली. खताच्या ढिगावर एक पान पडू दिलं नाही. "आणि पुढची काही वर्षं हे झाड इथं बाहेर लावायचं नाही," ते म्हणाले. "न्यू गिनीकडचं लाव, त्याला हा लागत नाही. बिगोनिया लाव." इंदूताईंनी उत्तर दिलं नाही. घरात, न्हाणीघराच्या खिडकीत एक लहान रोप त्यांनी उन्हाळाभर बाहेर काढलं नव्हतं. ते निरोगी होतं. गौर त्या वर्षी पुन्हा शेवंतीवर भागली, पण इंदूताई त्या एका रोपाकडे बघून धीर धरून होत्या. शैलाताई गौरीला आल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणंच इंदूताईंना टोचलं.

29 ऑक्टोबरला सँडी वादळ आलं. वीज गेली, आणि विजेशिवाय घर तापवणारी भट्टीही बंद. दोन दिवस दोघांनी रजया घेऊन काढले. मग मुलगा आला आणि त्यांना पेनसिल्व्हेनियाला घेऊन गेला. निघताना घाई, गाडीत जागा नाही. इंदूताईंनी रोपाला भरपूर पाणी घातलं, तहानेनं मरू नये म्हणून. 7 नोव्हेंबरला वर बर्फही पडलं. दोघं परतले तेव्हा घरात श्वासाची वाफ दिसत होती. रोप कुंडीच्या काठावर आडवं झालं होतं, बुंध्याशी पाणी-पाणी. गारठ्यात त्याला पाण्याची गरजच नव्हती. इंदूताईंना हे दुसऱ्याच्या झाडाबाबत चांगलं ठाऊक होतं.

त्यांनी फ्लोरिडाला फोन लावला. रोझाच्या मुलीनं उचलला. रोझा जाऊन दोन वर्षं झाली होती.

2013 च्या संक्रांतीला इंदूताईंनी हळदीकुंकू केलं नाही. आमंत्रण आलं ते पल्लवीचं. वसंतराव गाडी चालवतो म्हणाले म्हणून त्या गेल्या. लिफ्टनं वर गेल्या, दार उघडं होतं, आत गलका. खिडकीच्या कट्ट्यावर कागदी पेले ओळीनं मांडलेले. प्रत्येकात एक रोप, आणि दोन-तीन रोपांना फूल. गडद गुलाबी, पाकळीवर पाकळी.

एक अनोळखी बाई त्यांना म्हणाली, "घ्या ना, हा पल्लवीचा तेरडा. आमच्या पार्सिपनीत चार घरी आहे."

इंदूताई सरळ स्वयंपाकघरात गेल्या. पल्लवी कपात दूध ओतत होती. तिनं पाहिलं आणि दूध कपाबाहेर गेलं.

"काकू, मी तुमच्या केराच्या डब्यातून घेतली होती. तीन वर्षांपूर्वी. सांगायचं होतं, पण..."

"विचारायचं तरी होतंस."

"विचारलं होतं, काकू." पल्लवी फडक्यानं ओटा पुसत राहिली. "तुम्ही म्हणालात, अपार्टमेंटमध्ये नाही जगत."

इंदूताई उभ्या राहिल्या. बाहेर कोणीतरी उखाणा घेत होतं, हशा झाला. मग त्यांनी विचारलं, "किती जणींना दिलंस?"

"मोजलं नाही. पुढं त्यांनीही दिलं असेल."

"आणि यांतलं कोणतं तुझं? सगळ्यात जुनं?"

"ते सप्टेंबरात टाकलं. फार लांबडं झालं होतं. फांद्या घेतल्या आणि टाकलं. चुकलं का?"

"नाही," इंदूताई म्हणाल्या. "खिडकी मोकळी झाली."

त्या बाहेर आल्या आणि कट्ट्यापाशी गेल्या. शैलाताई तिथंच होत्या, हातात एक पेला घेऊन. दोघींची नजर भेटली आणि शैलाताईंनी पेला किंचित आपल्याकडे ओढला. ते पाहून इंदूताईंना हसू आलं की लाज वाटली, हे सांगणं कठीण; चेहऱ्यावर दोन्ही दिसलं असेल.

"शैला, तुझ्या अंगणात यापूर्वी कधी इम्पेशन्स लावली होतीस?"

"तुम्ही कुठं दिलीत?"

"ही नाही. बाजारातली साधी?"

"मुळीच नाही. लावायची तर तीच, म्हणून थांबले होते."

"मग तुझ्या मातीत डाऊनी नाही." इंदूताईंनी आपल्या वाटणीचा पेलाही तिच्यासमोर ठेवला. "माझ्याकडची जागा बिघडलीय. मी खिडकीत एखादं ठेवीन, पण बाहेर काढता यायचं नाही. तू लाव. मे महिन्यात थंडी पूर्ण गेल्यावर, आठवडाभर आधी रोज थोडा वेळ बाहेर ठेवून सवय करून. नवी माती घे, कुंडी घासून धू, पाणी बुंध्याशी घाल, पानांवर नको. आणि मधूनमधून पान उलटं करून बघत जा. सगळ्यांनी एकाच ठिकाणी ठेवू नका. दोन तरी दुसऱ्यांना द्या."

"आणि तुमची गौर?"

"गौरीला मी तुझ्याकडे फांदी मागायला येईन."

शैलाताईंनी दोन्ही पेल्यांकडे पाहिलं. इंदूताईंचीच जुनी उत्तरं त्यांच्या ओठांवर आली असणार. अजून लहान आहे, फुलावर आहे, रुजत नाही हो सगळीकडे. त्यांनी त्यांतलं एकही दिलं नाही. पण लगेच होही म्हणाल्या नाहीत, आणि इंदूताईंना थोडं थांबावं लागलं.

निघायची वेळ झाली. बाहेर उणे सहा अंश होते. इंदूताईंनी पल्लवीकडून जुनी वर्तमानपत्रं मागून घेतली, सगळ्या जणींना दारात थांबवलं आणि एकेक पेला शेंड्यापर्यंत गुंडाळायला लावला. "आधी खाली जाऊन गाड्या तापवा म्हणावं पुरुषांना. मग रोपं न्या." वसंतराव किल्ल्या घेऊन लिफ्टकडे निघाले, त्यांच्यामागून आणखी चार-पाच जण.

शैलाताईंच्या एका रोपाला फूल होतं, पूर्ण उमललेलं. कागद गुंडाळायला ते आड येत होतं. त्यांनी विचारलं, "इंदूताई, हे काय करू? घरी नेऊन ह्यांना दाखवायचं होतं."

"मुळं नीट भरलीयत का बघ तळाशी."

शैलाताईंनी पेला उचलून खालचं भोक पाहिलं. "दोन-तीनच दिसतायत."

"मग खुड," इंदूताई म्हणाल्या.